तळटीप

प्रबंधाचं चौथं प्रकरण : ‘नियमन, शाश्वतता आणि न्याय’.
मधल्या त्या ‘आणि’वर
मी ऐरोलीच्या भाड्याच्या खोलीत
अडीच वर्षं बसून आहे.

देवस्थळी सर म्हणाले, आधी व्याख्या पक्क्या करा.
केल्या.
पान एकशे बारा : न्याय म्हणजे
भार आणि लाभ यांचं रास्त वाटप,
आणि निर्णयात बाधितांचा सहभाग.

सहभाग मी पाहिला होता.
दुपारी बारा वाजता, एका सभागृहात,
त्या दिवशी अष्टमी होती, खाडी ओसरलेली,
आणि ज्यांना बोलवलं होतं
ते सगळे गुडघाभर चिखलात, खुबे वेचत.
पडद्यावर नकाशा होता. नकाशावर लाल रेघ.
रेघेच्या अलीकडे प्रकल्प, पलीकडे ‘कांदळवन’.
शासन निर्णयात कांदळवन, पाठ्यपुस्तकात खारफुटी,
आणि दारातून उशिरा आत आलेली,
पोटऱ्यांवर राखाडी चिखल सुकलेली ठमाबाय मढवी
माइक उलटा धरून म्हणाली, तिवरं.
‘तुमची रेग तय हाय. पानी हय येतं.’
तेवढंच. मग ती
पाण्याची बाटली न घेता खाली बसली.

इतिवृत्तात नोंद आहे, मी प्रत काढली आहे :
एका महिलेने पाण्याबाबत शंका उपस्थित केली.
शंकेचे निरसन करण्यात आले.

नंतर मी तिच्या ओट्यावर जाऊ लागले.
हातांवर कालवांच्या कापाच्या रेघा,
त्यांतली एकही नकाशासारखी सरळ नाही.
ती म्हणाली, रातचे दोन वाजलं का पानी चायवानी येतं,
निवट्या उड्या मारून वर, दगडावर.
नमुने घेतल्याचा अहवाल माझ्याकडे होता.
वेळ : सकाळी साडेदहा.
निष्कर्ष : विहित मर्यादेच्या आत.
विहित, हा शब्द मी तिला समजावू शकले नाही.
कोणी विहित केलं, एवढंच तिनं विचारलं,
आणि माझं सहावं प्रकरण तिथं सुरू झालं.

भरती तिनं मला बोटांवर शिकवली.
तिथीला तीननं गुण, चारनं भाग.
आपली खारी आत, मंग वर आर्दा तास धर.
झालं.
अधिसूचनेला याच कामासाठी
परिशिष्टांसकट चौसष्ट पानं लागली होती
आणि दोन दुरुस्त्या.

मग एक दिवस : ‘तुजे बुकान माजा नाव कंय लिवलास?’
मी दाखवलं. पान एकशे सत्तेचाळीस, टीप त्रेसष्ट :
स्थानिक महिलेशी संभाषण, नाव गोपनीय.
नैतिकता समितीचा नियम, मी म्हणाले.
ती हसली. ‘गोपनीय? माजा नाव तं सगली खारी जानते.’
मग पानाच्या तळाशी,
मजकूर आणि टीप यांच्यामधल्या बारीक रेघेवर
तिनं बोट ठेवलं. नख फाटलेलं.
‘म्हंजे मना बांदाचे खाली ठेवलास.’
आणि थोड्या वेळानं, खुबे निवडता निवडता,
‘तयच तं पानी पयला येतं.’

कसोटी लावून पाहिली.
सावधगिरीचं तत्त्व, वर, मोठ्या टाइपात.
प्रदूषण करणाऱ्यानं भरावं, वर.
येणाऱ्या पिढ्यांचा हक्क, वर, तिरप्या अक्षरांत.
आणि आत्ताची पिढी
आठ पॉइंटमध्ये, बांधाखाली, ओली.

सरांचा शेरा काल आला :
टीप त्रेसष्ट फार लांबली आहे.
मजकुरात घ्या किंवा काढून टाका.
मजकुरात घेते आहे. नाव तिला विचारून, पूर्ण.
समासात सरांनी आणखी एक लिहिलंय, संदर्भ?

आज पौर्णिमा.
पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा,
वर अर्धा तास.
अकरा पस्तीस झालेत.
खिडकी उघडी ठेवली आहे.