थकबाकी

आमच्या गाळ्याला तीन कुलुपं.
दोन शटरला, एक आतल्या जाळीला,
चाव्यांचा जुडगा शेठच्या करदोट्याला.
साकीनाक्याच्या त्या गल्लीत
भंगारालाही पाय फुटतात,
म्हणून बाहेर स्टुलावर रात्रभर डंबरसिंग,
शिट्टी आणि बॅटरीसकट.

कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र
कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेला,
माझ्याच अक्षरात:
स्प्रिंग, एक, दोन, तीन.
चहावाल्या पोरालासुद्धा पाठ होता,
स्कोअर बघायचा तो त्यावर.

मार्चमध्ये लॅमिंग्टन रोडचा इर्शाद आला होता.
अस्सल विंडोज, अँटिव्हायरस,
बॅकअपची वेगळी डिस्क,
आणि ती रोज संध्याकाळी काढून घरी न्यायची.
सगळं मिळून अडतीस हजार.
खानविलकर शेठ हसले,
"अरे, स्प्रिंगा विकतो मी, हिरे नाही.
आमच्यात चोरण्यासारखं आहे काय?"
घासाघीस होत होत आठ हजारांत मिटलं.
विंडोज कुठूनतरी आलं.
डिस्क आली ती लावलेलीच राहिली,
रोज काढघाल करतो कोण?
जाताना इर्शाद मला हळूच म्हणाला,
"ताई, कुलूप आणि चावी
एकाच खिळ्याला टांगू नका."
मी त्याला चहा पाजला.

मग तो सोमवार.
पडद्यावर एकच पान, फार अदबीच्या इंग्रजीत:
आपल्या फायली आमच्याकडे सुरक्षित आहेत.

डंबरसिंग शपथेवर सांगत होता,
"रातभर जागा होतो शेठ, मांजरसुद्धा नाही आलं."
खोटं नव्हतं. तिन्ही कुलुपं जागच्या जागी.
आत अठरा वर्षांची मापं होती,
तारेची जाडी, वेढे, कुणाला किती ताण,
कुणाकडून किती येणं.
डिस्क उघडली. तिलाही तेच कुलूप.

शेठ घासाघीस करू लागले.
रात्री दोनला, भाच्याकडून इंग्रजीत लिहवून घेत.
समोरून लगेच उत्तर,
दहा टक्के सूट, फक्त आज रात्रीपुरती.
"धंदा येतो हो त्यांना," शेठ म्हणाले
आणि गप्प झाले.

पैसे दिले. किती, ते मी लिहिलेलं नाही कुठल्याच वहीत.
निम्म्या फायली उघडल्या.
उरलेल्याही उघडल्या,
आत नुसते चौकोन.

इनासमामा निवृत्त होऊन मरोळला घरी बसले होते,
त्यांना रिक्षाने आणलं.
नमुन्याची एकेक स्प्रिंग चिमटीत दाबून
डोळे मिटून ते आकडा सांगायचे,
मी दोनशेपानी वहीत उतरवायचे.
एकोणीस दिवस.
तोवर पुण्याचं मोठं गिऱ्हाईक फोन उचलेनासं झालं होतं
आणि कॉइलिंगवरच्या दोघा पोरांना
शेठनी "गावाला जाऊन या" म्हटलं होतं.

कुणी उघडलं, हे शेठनी कधी विचारलं नाही.

शुक्रवार होता. पर्स खांद्याला,
पंखा बंद केलेला.
नारंग व्हॉल्व्हवाल्यांच्या मागे चार महिने होते मी,
आज करतो, उद्या करतो,
आणि तेवढ्यात त्यांचा मेल:
थकबाकी जमा केल्याची पावती सोबत.
पत्त्यात एक अक्षर जास्त होतं.
ते मला आता दिसतं.
तेव्हा मी उभ्या उभ्याच उघडलं,
शेठना फोन करायचा म्हणून नंबरही काढला होता.
आत काहीच नव्हतं.
म्हटलं, सोमवारी बघू.

परवा इर्शाद पुन्हा आला.
शेठनी आकडा न बघता सही केली.
जुन्या मशीनमध्ये काय काय चाळत
तो अर्धवट स्वतःशीच म्हणाला,
"शुक्रवार, सहा वीस."
माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.
मग कीबोर्ड उलटा करून
नखाने चिठ्ठी खरवडली.

कागद निघाला.
डिंक राहिलाय.
सकाळी पुसायला उचलला
की बोटांना लागतो.