दहा लिटरची पेटी

संगणकाची पेटी लिटरात मोजतात
हे मला मस्कतला आल्यावर कळलं.
आमच्याकडे लिटरात दूध, रॉकेल, फार तर फवारणीचं औषध.
नौशाद परकार म्हणाला, दहा लिटरची बघू,
खाटेखाली सरकेल,
आणि खेडला जाताना हातातल्या बॅगेत मावेल.

कार्ड आधीच आलं होतं.
करार संपून मनिलाला निघालेल्या फोरमननं
पंचावन्न रियालला दिलं, टॉवेलात गुंडाळून.
दोन पंख्यांचं, आखूड, पात्यांवर सिमेंटची धूळ.
आता त्याच्या जोडीला प्रोसेसर,
आणि खिशात चाळीस रियाल, वर थोड्या बैसा.

रुवीत टॅक्सी थांब्यामागं मुराद बलुशीचं दुकान.
काचेखाली ग्लुकोज बिस्किटाएवढे चौकोन,
आठ कोअरचा नव्वदला, चार कोअरचा बावीसला.
नौशादचा हात बावीसवर,
डोळे नव्वदवर.

थांब, मी म्हणालो.
मी काँक्रीट प्लांटवर डिस्पॅचर आहे.
साइटवर पंप उभा असतो, बूम आभाळात,
गाडी वेळेवर सुटली नाही
की एवढं मोठं धूड नुसतं धापा टाकतं.
गाड्या जास्त सोडाव्यात
तर रांगेत ड्रम फिरवत माल आवळत जातो
आणि शिव्या मला, आधी अरबीत, मग मल्याळममध्ये.
कार्ड म्हणजे पंप, एवढं मला कळलं होतं.
चारचा त्याला उपाशी ठेवील.
आठातले निम्मे सावलीत बसून चहा पितील.
सहाचा आहे का, मागच्या पिढीचा?
मुरादनं तेव्हा कुठे माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

होता. अडतीसला.
आणि तोच चौतीसला,
ज्याला स्वतःचं चित्र काढता येत नाही.
म्हणजे?
म्हणजे हिशेब सगळा करतो, कामं वाटून देतो,
दाखवायचं ते दुसऱ्यानं दाखवायचं.
चौतीसवाला द्या.
वाचलेल्या चारात बुटका पंखा बसला,
उंच घेतला तर झाकण लागत नाही.

गुरुवारी रात्री जुळणी.
स्क्रू आइस्क्रीमच्या झाकणात,
खालच्या खाटेवर रामेश्वरम्‌चा सेल्वम
पाय पोटाशी घेऊन, आम्हाला जागा देत.
एसी, शेगडी आणि हा, तिन्ही एकदम लावायचे नाहीत,
ब्रेकर पडतो. म्हणून जेवण आधीच आटोपलं.
बटण दाबलं. पंखे फिरले.
पडदा काळा.

नौशादनं मेमरी काढून घातली, पुन्हा काढली.
घामाचे थेंब बोर्डावर पडू नयेत म्हणून
मी त्याच्या कपाळाला रुमाल लावून उभा.
चौतीसवाल्याला मी मनात काय काय बोललो.
मग सेल्वमनंच विचारलं, झोपेत,
केबल कुठे लावली आहे?
बोर्डाला. जो चित्र काढत नाही त्याच्याकडे चित्र मागत
आम्ही पाऊण तास घालवला होता.
केबल दोन बोटं खाली सरकवली, कार्डात.
उजेड सेल्वमच्या तोंडावर पडला. तो कूस बदलून झोपला.

आणि नौशादनं काय लावावं?
ट्रक.
बारा तास मिक्सर चालवून आलेला माणूस
रात्री एक वाजता बर्फाच्या घाटात
पुन्हा ट्रकच चालवायला बसला.
कोपऱ्यात आकडे: कार्ड शहाण्णव, प्रोसेसर सत्तर.
कुणी कुणासाठी खोळंबलेलं नाही.
मी ते आकडे बघत बसलो, घाट त्यानं बघितला.

अर्ध्या घाटात त्यानं गाडी कडेला घेतली.
हेडलाइटमध्ये बर्फ पडत राहिला.
बिघडलं का काही?
नाही रे, तो म्हणाला,
इथं तुझा वायरलेस नाही.

चारला माझी शिफ्ट.
पहिली गाडी सव्वाचारला सोडायची होती, सीबला,
ड्रायव्हर परकार.
मी ती सेल्वमच्या नावावर टाकली.