आतल्या शिवणीचं माप

इतवारीत चाळीस वर्षं पँटी शिवल्या मी.
टेपचं पितळी टोक जांघेशी नेलं
की माणूस छताकडे पाहतो.
पंखा बघतो, कॅलेंडर बघतो,
म्हणतो, "यंदा ऊन जास्तच हाय, नाही?"
मीही म्हणतो, होय ना बाप्पा,
आणि घाईनं आकडा वाचतो.

वहीत आकड्यापुढे कधी एक टिंब देतो.
टिंब म्हणजे अर्धा इंच सैल,
कारण विचारायचं नाही.

कळमन्याचा श्रावण निनावे,
संत्र्यांचे क्रेट उचलणारा.
खोकला की जांघेत लिंबाएवढं काही वर यायचं,
निजला की आत जायचं.
त्याला वाटे, गॅस असेल.
शकील, मोमिनपुऱ्याचा लेफ्ट विंगर:
एक लाथ, एक कळ,
आणि महिनाभर पाय फाकवून चालणं.
प्रबोध रंगारी तर चोवीसचा पोरगा.
रक्तच विळ्यासारखं वाकडं त्याचं,
खुब्याच्या गोळ्यापर्यंत धड पोचत नाही.
तो एकटाच टेपकडे बघायचा.
"काका, हाड आतून वाळून राहिलं म्हणतात,
फांदीवर संत्रं वाळते तसं."

एक साहेब, नाव लिहीत नाही,
त्यांची कळ जांघेत, खडा निघाला मूत्रनळीत.
हसत सांगितलं.
खडा पडून गेल्यावर हसता येतं.

मग माझी पाळी.
पायडल मारताना उजवीकडे,
खिशाचं अस्तर संपतं तिथे,
आधी चिमटा, मग कात्री.
बायकोला म्हटलं, गुडघा.
मेयोत कार्डावरही लिहून घेतलं, गुडघा.
डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं गुडघा दाबला, तो गप्प.
मग पाय वाकवून टाच बाहेर वळवली
आणि जांघ ओरडली, माझ्या तोंडानं.
"गुडघा नाही काका, खुबा झिजलाय.
कधीपासून दुखतंय इथे?"
मी छताकडे पाहिलं.
पंख्याला तीन पाती.
"यंदा ऊन..." मी म्हटलं.

परवा दुकानात, ऑपरेशननंतरच्या पायजम्यासाठी,
शागीर्द गोलू टेप घेऊन माझ्यापुढे वाकला.
आकडा वाचला, वहीत उतरवला,
पेन्सिल तशीच धरून थांबला.
"दुखते बे मले," मी म्हटलं,
"उजव्या जांघेत. दोन वर्षं झाली."
इतक्या मोठ्यानं की
पानठेल्यावरचे दोघं वळून बघू लागले.

मग त्यानं टिंब दिलं.