द्राक्षारसाची किल्ली

फादर हुबर्ट यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली
आणि ते गेले, चक्क गेले,
बुटांवरचा बर्फ झटकत, मागं न पाहता.

पितळेची, करंगळीएवढी.
कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी बारा बाटल्या.
मी मोजल्या. अजूनही रोज मोजतो.
शिलेसियाच्या कोळशात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला
मोजायची खोड असते:
खाली दिवे किती गेले, वर किती आले.

शहाण्या माणसानं मला ही किल्ली दिली नसती.
गेर्त्रूदानं तर घरातला व्हिनेगरही
शेजारच्या बाईकडं नेऊन ठेवला होता.
तिचं चुकलं नाही.
लग्नाची अंगठी मी दोनदा विकलीय,
एकदा माझी, एकदा तिची.

गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही सात जण बसतो.
भिंतीवर संत बार्बारा, तिच्या मनोऱ्याचा रंग उडालेला.
चहा कडू, बिस्किटं मऊ पडलेली.
छोट्या बाटलीला आमच्याकडं ‘माकड’ म्हणतात.
उर्शुला, गणिताची बाई, सांगते की तिची माकडं
खडूच्या डब्यात राहायची.
आम्ही हसतो. मग कुणीच हसत नाही.
मग एवाल्ड जपमाळ काढतो,
आणि ज्यांना प्रार्थना येत नाही ते नुसते मणी धरतात.
हाताला काहीतरी लागतं हो.
ग्लासाएवढं नाही, पण काहीतरी.

मिस्साला मी फक्त भाकर घेतो.
चषक पुढं आला की मान खाली.
पहिल्यांदा मला वाटलं, अर्धाच देव मिळतोय,
शिक्षा म्हणून.
फादर म्हणाले, आलोयझी, तो तुकड्यातही अख्खाच असतो,
त्याला वाटे पडत नाहीत.
हे मला समजलं असं मी म्हणणार नाही.
पण त्या दिवशी मी घरी सरळ रस्त्यानं गेलो,
स्टेशनावरून नाही.

फेब्रुवारीत, रायमुंडच्या तारखेला,
मी सुरई भरत होतो आणि हात थांबेना.
काठापर्यंत, काठावरून,
पांढऱ्या कापडावर, मनगटावर.
मनगट ओठांपासून किती लांब असतं?
मी तिथं उभा होतो. किती वेळ, ते मोजलं नाही,
आयुष्यात तेवढंच एक न मोजलेलं.
मग घंटेची वेळ झाली.
देवदूत आला नाही, उजेड पडला नाही.
साडेसहा वाजले, एवढंच.
मी हात धुतला, खाणीतल्या खरबरीत साबणानं,
कातडी लाल होईपर्यंत.

संध्याकाळी कबुलीच्या जाळीमागं सगळं सांगितलं.
म्हटलं, किल्ली परत घ्या, फादर.
ते बराच वेळ खोकले.
“उद्या घेतो,” म्हणाले.
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पुढं केली.
“उद्या.”
चार वर्षं झाली.
त्यांचा उद्या काही उजाडत नाही,
आणि माझा आज
तसाच चालला आहे, खिशात खुळखुळत.

चर्चमागच्या खोलीत एक दगडी कुंड आहे.
त्याची नळी गटाराला जात नाही,
थेट जमिनीत उतरते.
पवित्र भांडी धुतलेलं पाणी त्यातच जायचं असतं.
सुरईत उरलेलं मीही तिथंच ओततो,
नाक वळवून, श्वास रोखून, जसा खाली वायू आला की रोखायचो.

त्या जमिनीखाली, खूप खाली,
आठव्या पातळीवर रायमुंड आहे.
आम्ही एकाच बाटलीतून प्यायचो,
मोठा घोट नेहमी त्याचा.
त्याला वर आणता आलं नाही.

घे, म्हणतो मी.
आणि कुंडावर झाकण ठेवतो.