खोली

पिकार्ते रस्त्यावरच्या दुकानात दोन यंत्रं होती.
एक नवं, पाटीसारखं पातळ, काखेत मारून नेता येईल असं.
दुसरं वापरलेलं, ट्रंकेएवढं, झाकणाची एक बिजागरी सैल.
पोरगा म्हणाला, मावशी, पातळच घ्या,
स्वस्त आहे, आवाज नाही, जागा खात नाही.
रेझोल्यूशन दोघांचं सारखंच,
आणि त्यानं एक आकडा सांगितला
जो तीस वर्षं बोटीच्या तिकीटखिडकीत बसूनही
मला कधी मोजावा लागला नव्हता.

मी पिशवीतून फोटो काढला.
सरळ नाही तो. साठ सालापासून सरळ नाही.
भूकंपामागून नदी घरात शिरली,
आणि ओसरली तेव्हा आईनं चिखलातून अल्बम उपसला,
एकेक पान सोडवलं, आणि शेगडीवरच्या दोरीला
मोज्यांच्या शेजारी फोटो वाळत घातले.
अजून प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिमट्याचे दात आहेत.
वाळता वाळता ते वळले,
पन्हळी पत्र्यासारखे,
आणि तसेच राहिले.

पोरानं फोटो पातळ यंत्राच्या काचेवर ठेवला.
पडद्यावर आले आजोबांचे बूट,
शिवणीचा टाका न् टाका मोजावा इतके लख्ख.
(कारखान्यात बूटच शिवायचे ते. खूश झाले असते.)
गुडघ्यापर्यंत ठीक.
तिथून कागद काचेपासून नखभर उठतो,
आणि आजोबा धुक्यात जातात.
ओतिलिया आत्या तर ऐन लाटेवर उभी,
तिची नुसती वाफ.

याला टेकलेलं तेवढंच दिसतं, पोरगा ओशाळून म्हणाला.
झाकण जरा दाबून बघू?
नको, म्हटलं. तडकेल.

मग ते जाडं.
त्याला आधी तापावं लागतं.
कण्हलं, खाकरलं, पुन्हा कण्हलं,
आमच्या रिगोबेर्तोनं फोन उचलावा तसं.
दिवा रांगत गेला, वाटेत एकदा थबकला,
आणि आजोबा बुटांपासून टोपीपर्यंत आले.
आत्या आली, बगलेतल्या बदकासकट.
मागच्या कुंपणाची फळी आली, जी पुढे वाहून गेली.
लाटाही आल्या, प्रत्येकीच्या कुशीत तिची सावली.

याला खोली आहे, पोरगा म्हणाला.
किती?
त्यानं करंगळीचं पेर दाखवलं.
पेरभर खोली.
सहा माणसं आणि एक बदक मावलं तिच्यात.

लाटा पुसताही येतात, तो म्हणाला,
इथे एक खूण करायची, की फोटो इस्त्री केल्यासारखा.
मी विचारलं, मग नदी कुठे जाईल?
त्यानं खूण काढून टाकली.

पैसे जास्त गेले. शिवाय केबल निराळी घ्यावी लागली.
लाकडं आणायच्या हातगाडीवर यंत्र घातलं,
वर माझा रेनकोट, आणि मासळीबाजारावरून भिजत घरी.
रिगोबेर्तो पुंता अरेनासहून ओरडला,
मोबाइलनं काढायचे की, पाच मिनिटांचं काम!
तो बासष्टचा. कोरड्या घरात जन्मला.

आज अकरावा दिवस. दोनशे चार झाले.
एक जोडी मात्र उरली आहे,
दोन फोटो, तोंडाला तोंड लावून चिकटलेले.
एका पाठीवर आईचं अक्षर: लग्नानंतर.
दुसऱ्या पाठीवर काहीच नाही, चिखलाचा एक नकाशा.
पोराला विचारलं. कोमट पाण्यात ठेवा म्हणाला,
तासाभरात सुटतील.

पुन्हा पाण्यात?

मी दोन्ही पाठी काचेवर घेतल्या, एकेक करून.
यंत्र तापलं, कण्हलं, रांगलं.
एवढी खोली त्यालाही नाही.
फाइलला नाव मागितलं त्यानं,
मी बराच वेळ बसले,
मग टाइप केलं: लग्नानंतर, एक.
आणि दुसऱ्या पाठीला: लग्नानंतर, दोन.