सात मिनिटं उशिरा

स्टँडवरच्या चौकशी खिडकीमागं मी बसते,
माइकपुढं.
माझा आवाज तुम्ही ओळखता, तोंड नाही.
कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज,
एकवीस वर्षं ही गावं मी
एका दमात ओवत आले.

अक्काताई हुपरे पहिल्यांदा दिसली
ती खाली बघत चाललेली.
वाटलं, बाईची सुटी नाणी सांडली असतील.
फलाट चार ते नऊ, आणि पुन्हा माघारी,
नजर फरशीवरच.
महिन्याभरानं विचारलं, तर म्हणाली,
"तोंडानं पोरी पढवलेलं बोलत्यात,
मावशीकडं चाललोय म्हणत्यात.
पायास्नी कोण पढवणार?"

मग मीही पाय बघायला शिकले.
परकर विटलेला आणि चप्पल कोरी,
चप्पल लाइनीतली, लाल गोंड्याची,
अजून थेंबभर तेल न प्यालेली.
अंगठ्याला फोड आलाय
तरी पोरगी ती काढत नाही,
कारण घेऊन देणारा शेजारीच बसलाय
आणि तिकीट त्याच्या खिशात आहे.

अक्काताई बाकावर टेकते.
आरडाओरडा नाही, भाषण नाही.
"चावती व्हय गं?" एवढंच.
तेवढ्यावर काही पोरींचा बांध फुटतो.
काही उठून लांब जाऊन बसतात.

तिच्या दारावर दोनदा दगड आले.
कसबा बावड्याच्या कोर्टात अकरा तारखा झाल्या,
बाराव्या तारखेला साक्षीदार फिरला.
त्या दिवशी बाबालाल मुजावरनं रिक्षाचं भाडं घेतलं नाही,
आणि वाटेत कुणी काही बोललं नाही.

परवा तिचा सत्कार झाला.
शाल, नारळ, डोक्यावर न बसणारा फेटा.
सूत्रसंचालकानं विचारलं, ताई,
आजवर किती मुली सोडवल्या?
ती म्हणाली, "एक गेली."
माइक शिटी मारत राहिला.
"रात्री नऊ चाळीसची गाडी. मी फलाटावर पोचले
तवा धूर तेवढा हुता."

मी शेवटच्या रांगेत होते.
ती गाडी मीच पुकारली होती.
वेळेवर. दोनदा. स्पष्ट आवाजात.

आता तिचा फोन एकदाच वाजून बंद होतो.
मी घसा खाकरते:
"फलाट सहावरून सुटणारी निपाणीमार्गे बेळगाव गाडी
काही कारणास्तव सात मिनिटं उशिरा सुटेल."
प्रवासी कावतात. ड्रायव्हर घड्याळ बघतो,
मग माझ्या काचेकडं,
आणि आणखी एक चहा सांगतो.
शाहूपुरी ठाण्यातून हवालदार वनमाला
तेवढ्यात चालत पोचते.
कधी पोचत नाही.

डेपो मॅनेजरनी लेखी खुलासा मागितलाय,
या तिमाहीत एवढा उशीर कशानं?
तीन कागद फाडले.
चौथ्यावर लिहिलंय, सही करून, तारीख घालून:
साहेब, गाडीत काही बिघाड नव्हता.
एका प्रवाशाची चप्पल चावत होती.