पाणी मारणे

सोहारमध्ये जुलैत काँक्रीट रात्री ओततात,
तेही बर्फ घालून.
दोन वाजता ट्रक येतो, ड्रममध्ये बर्फ खडखडतो,
मांडवात कुणी सरबत ढवळावं तसा,
आणि उजाडायच्या आत सगळं उरकावं लागतं.
मग घाई संपते.
म्हणजे, संपायला हवी.

यासीन मुकादम. आडनावही तेच, कामही तेच.
मूळचा बाणकोटचा.
सकाळी स्लॅबवर चढतो,
वाळू-सिमेंटचे चार बोटं उंच बांध घालतो,
वाफे पाडतो, नळी सोडतो.
खाली गोदाम, वर भाताचं खाचर.
साळुंक्या येतात, पाणी पितात, हक्कानं भांडतात.
लांबून बघणाऱ्याला वाटेल, इथे काही पेरलंय.

सातव्या दिवशी मालकांचा फोन:
शटरिंग काढा, फोटो पाठवा, बिल लावतो.

क्यूबचा रिपोर्ट समोर होता.
वाईट नव्हता. अवघड तेच होतं.
वाईट असता तर नाही म्हणणं सोपं.
मी पेनाचं टोपण काढलं.
पंधरा वर्षांत इथे मी पुष्कळ सह्या केल्या,
काही लिफ्टची वाट बघताना, भिंतीला कागद टेकवून.
त्यातलं काय ताठ उभं आहे, काय वाकलं,
बघायला कधी गेलो नाही.

यासीन दारात. चपला बाहेर काढलेल्या.
रिपोर्टकडे बघितलं नाही त्यानं.
"साहेब, वर येता का जरा? ऊन उतरलंय."

वर गेलो. त्यानं गोणपाटाचा ओला कोपरा उचलला,
माझा हात धरून खाली टेकवला,
आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.
"वरून दगड झालाय.
आत अजून काम चालू आहे त्याचं."

खाली येऊन मी फोन केला.
म्हटलं, एकविसाव्या दिवशी.
पलीकडे शांतता. मग दंडाचा आकडा.
माझा बोनस आणि वर थोडं, एवढा तो आकडा.
हो म्हणालो.
आवाज कापला, ते लपवत नाही.

उरलेले दिवस लांब होते.
साडेबारानंतर उन्हात काम बंद,
माणसं सावली बघून आडवी होतात,
केबिनमधला एसी तेवढा धापा टाकत जागा.
अशाच एका दुपारी मृण्मयीचा मेसेज आला सांगलीहून:
बाबा, मी इंजिनीअरिंग सोडतेय.
माझं उत्तर तयार होतं. तीन ओळी,
त्यातल्या दोन माझ्या वडिलांच्या.
बोट बटणावर गेलंच होतं.

पाठवलं नाही.
रोज संध्याकाळी फोन केला, त्या विषयावर सोडून.
काय जेवलीस. खोलीवरचा पंखा दुरुस्त झाला का.
मेसचा भात अजून कच्चाच असतो का.
नवव्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं सगळं.
काय, ते इथे लिहीत नाही.
माझ्या त्या तीन ओळींत
त्यातलं काहीच मावलं नसतं.

गोदामात आता टायर भरलेत.
परवा, दोन वर्षांनी, त्या रस्त्यानं जाताना
गाडी बाजूला लावली, आत शिरलो.
वर बघत राहिलो.
तडा नव्हता.
न पडलेल्या तड्याचा फोटो निघत नाही,
त्याचं बिल लागत नाही,
कुणी पाठ थोपटत नाही त्याच्यासाठी.
वॉचमननं विचारलं, कोण पाहिजे?
म्हटलं, कुणी नाही, छत बघतोय.
त्यानं वर बघितलं.
मग बराच वेळ माझ्याकडे.

यासीन सध्या शिनासच्या साइटवर.
त्याला लिहायचा कंटाळा, बोलून पाठवतो.
काल रात्रीच्या निरोपात आधी नुसतं पाणी,
नळीचं, पत्र्यावरून ओघळणारं,
आणि बऱ्याच वेळानं तो:
"साहेब, इथल्या साळुंक्या लय भांडखोर."